हार्डवेअर सीक्वेन्सरमध्ये कॉर्ड भरताना स्वरांचा क्रम कसा लागतो

संगणकावरील सॉफ्टवेअर बाजूला ठेवून पहिल्यांदाच हार्डवेअर सीक्वेन्सर, म्हणजे वाजवलेले स्वर नोंदवून ते परत वाजवणारे यंत्र, घेणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा कॉर्डविषयी असते. वाजवताना चार स्वर वाजवले होते, पण परत ऐकताना तीनच येतात. किंवा चारही येतात, पण त्यांतला एक स्वर पुढच्या मात्रेच्या उंबरठ्यावर जाऊन बसतो. अशा वेळी यंत्र बिघडल्याचा संशय येतो. मलाही आला होता आणि त्या संशयापायी मी दोन केबल विनाकारण बदलल्या. यंत्र ठीकच होते. आपल्या कानाला जी कॉर्ड एकसंध वाटते, ती सीक्वेन्सरच्या दृष्टीने एकामागून एक आलेल्या सुट्या स्वरांची रांग असते, एवढे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हते. ही रांग कशी लागते, ती कोण बदलते आणि आपल्याला हवी तशी ती कशी लावून घ्यायची, ते खाली टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

## सुरुवातीला काय हवे

- कॉर्ड नोंदवू शकणारा कोणताही सीक्वेन्सर आणि त्याचे मॅन्युअल. मॅन्युअल छापील नसेल तर पीडीएफ उतरवून घ्या आणि त्यात ‘पॉलिफोनी’ (एका वेळी किती स्वर), ‘स्टेप रेकॉर्ड’ (लयीशिवाय एकेक स्टेप, म्हणजे मात्रेचा ठरावीक भाग, भरत जाणे) आणि ‘क्वांटाइझ’ (स्वर जवळच्या स्टेपवर ओढणे) हे तीन शब्द आधी शोधा.
- मिडी कीबोर्ड. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना स्वरांचे संदेश पाठवण्याची पद्धत. सीक्वेन्सरलाच पट्ट्या असतील तर वेगळ्या कीबोर्डची गरज नाही.
- एका वेळी किमान सहा स्वर वाजवू शकणारा सिंथ, म्हणजे संदेशांवरून आवाज तयार करणारे वाद्य. तो मोनो मोडवरही, म्हणजे एका वेळी एकच स्वर वाजवण्यावर, नेता येत असेल तर उत्तम.
- मिडी केबल. छोट्या जॅकच्या केबलमध्ये ‘टाइप ए’ आणि ‘टाइप बी’ असे दोन प्रकार असतात. २०१८ मध्ये ‘टाइप ए’ हा प्रमाण ठरला, तरी त्याआधीची बरीच यंत्रे ‘टाइप बी’ची आहेत. चुकीची केबल लावली तर काहीही बिघडत नाही, पण आवाजही येत नाही.
- संगणक आणि मिडी संदेश ओळीने दाखवणारा एखादा मोफत प्रोग्राम. विंडोजवर ‘मिडी-ऑक्स’ आणि मॅकवर ‘मिडी मॉनिटर’ हे पुरेसे आहेत.
- वही आणि पेन्सिल.

शेवटच्या दोन गोष्टी नवशिक्यांना अनावश्यक वाटतात. स्वरांचा क्रम मात्र कानाने कळत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो, म्हणून त्या टाळू नका.

## १. केबलमधली रांग समजून घ्या

मिडी १९८३ मध्ये आले आणि त्याच्या मूळ केबलचा वेग आजही तोच आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे एक बाइट जायला ०.३२ मिलिसेकंद लागतो. ‘ही पट्टी दाबली’ असे सांगणारा नोट ऑन संदेश तीन बाइटचा असतो. पहिल्या बाइटमध्ये संदेशाचा प्रकार आणि चॅनल (संदेश कोणासाठी आहे ते सांगणारा क्रमांक), दुसऱ्यात स्वराचा क्रमांक आणि तिसऱ्यात व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते. अशा एका स्वराला जवळजवळ एक मिलिसेकंद जातो.

लागोपाठचे संदेश एकाच प्रकारचे आणि एकाच चॅनलवरचे असतील तर पहिला बाइट पुन्हा पाठवावा लागत नाही. या सोयीला ‘रनिंग स्टेटस’ म्हणतात. तिच्यामुळे चार स्वरांची कॉर्ड १२ ऐवजी ९ बाइटमध्ये, म्हणजे २.८८ मिलिसेकंदांत जाते. हा विलंब कानाला जाणवत नाही. परंतु चारही स्वर एकाच क्षणी पोहोचले असे कधीच घडत नाही. कोणीतरी पहिला असतो आणि कोणीतरी शेवटचा.

यूएसबीवरून मिडी पाठवताना अनेक संदेश एकाच गठ्ठ्यात जातात, त्यामुळे वेळेतला फरक नाहीसा झाल्यासारखा वाटतो. तरीही त्या गठ्ठ्यात प्रत्येक संदेश चार बाइटच्या स्वतंत्र तुकड्यात असतो आणि ते तुकडे एकामागून एकच वाचले जातात.

स्वरांचे क्रमांक ० ते १२७ असतात. मधला सी, म्हणजे आपल्या भाषेत मधल्या सप्तकातली पांढरी एक, हा ६० क्रमांकाचा स्वर. पांढरी तीन ६४ आणि पांढरी पाच ६७. पांढरी एकला सा मानले तर सा, ग आणि प यांची ही सी मेजर कॉर्ड ६०, ६४, ६७ अशी लिहिली जाते. वहीत नावांऐवजी क्रमांकच लिहा, कारण ६० या एकाच स्वराला यामाहाच्या यंत्रांवर ‘सी ३’ आणि रोलँडच्या यंत्रांवर ‘सी ४’ म्हणतात, आणि दोन मॅन्युअले समोर ठेवून काम करताना या फरकाने हमखास घोटाळा होतो.

## २. जोडणी करा आणि प्रत्येक स्वर एकदाच येतो आहे ना ते पाहा

कीबोर्डच्या ‘आउट’मधून सीक्वेन्सरच्या ‘इन’मध्ये आणि सीक्वेन्सरच्या ‘आउट’मधून सिंथच्या ‘इन’मध्ये अशी जोडणी करा. तुमचा कीबोर्ड हाच सिंथ असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. तो चालू राहिला तर एकच पट्टी आवाजापर्यंत दोन वाटांनी पोहोचते, एकदा थेट आणि एकदा सीक्वेन्सरमधून फिरून. तेवढ्याने फक्त आवाज जाड झाल्यासारखा वाटेल. पण कीबोर्ड आलेले संदेश पुन्हा बाहेर पाठवत असेल, तर तोच स्वर दुसऱ्यांदा नोंदला जातो आणि एका स्टेपला चारच स्वर घेणाऱ्या यंत्राची मर्यादा दोन स्वरांतच भरून जाते.

सीक्वेन्सरचे ‘आउट’ तात्पुरते संगणकाला जोडा, मिडी संदेश दाखवणारा प्रोग्राम (यापुढे ‘मॉनिटर’) उघडा आणि एक पट्टी दाबून पाहा. एक नोट ऑन आणि सोडल्यावर एक नोट ऑफ, एवढ्याच ओळी दिसल्या पाहिजेत. काही कीबोर्ड नोट ऑफऐवजी शून्य व्हेलॉसिटीचा नोट ऑन पाठवतात. त्याचा अर्थ तोच आहे. मिडी-ऑक्समध्ये आकडे षोडशमान पद्धतीने दिसतात, तेव्हा ६० च्या जागी ‘३सी’ दिसले तर घाबरू नका.

## ३. एका स्टेपमध्ये किती स्वर मावतात ते शोधा

हा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो. आर्टुरियाच्या कीस्टेपमध्ये एका स्टेपला आठ स्वर मावतात, तर नोव्हेशन सर्किटच्या सिंथ ट्रॅकवर सहा. इलेक्ट्रॉनच्या डिजिटाक्ट आणि ऑक्टाट्रॅक या यंत्रांच्या मिडी ट्रॅकवर चार स्वर मावतात, आणि कॉर्गच्या एसक्यू-१ सारख्या छोट्या यंत्रात एका स्टेपला एकच.

मर्यादेपेक्षा एक स्वर जास्त दाबल्यावर काय होते, हे मॅन्युअलमध्ये सापडेलच असे नाही. काही यंत्रे पाचव्या स्वराकडे दुर्लक्ष करतात, काही सर्वांत आधीचा स्वर टाकून देऊन नव्याला जागा देतात. दोन्ही वागणुकींत क्रमच निर्णायक ठरतो. पहिल्या प्रकारच्या यंत्रावर उशिरा पडलेले बोट वाया जाते, आणि दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर सर्वांत आधी टेकलेले. उजव्या हाताच्या कॉर्डखाली डाव्या हाताने खर्जातला सा धरण्याची सवय असेल तर तो सा बहुधा सर्वांत आधी पडतो, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर नेमका तोच गायब होतो.

याच वेळी आणखी एक गोष्ट तपासा: व्हेलॉसिटी आणि स्वराची लांबी प्रत्येक स्वरासाठी वेगळी साठवली जाते की पूर्ण स्टेपसाठी एकच. डिजिटाक्टच्या मिडी ट्रॅकवर ती स्टेपसाठी एकच असते. अशा यंत्रावर वरचा स्वर थोडा उठावदार आणि खालचे मंद अशी कॉर्ड एका ट्रॅकवर भरता येत नाही. वरचा स्वर दुसऱ्या ट्रॅकवर घेऊन दोन्ही ट्रॅक एकाच चॅनलवर पाठवणे हाच त्यावरचा मार्ग.

## ४. पहिली कॉर्ड स्टेप रेकॉर्डिंगने भरा

नवशिक्याने लाइव्ह रेकॉर्डिंगने सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. स्टेप रेकॉर्डिंगमध्ये लयीचा दबाव नसतो, म्हणून चूक झाली तर ती बोटांची की यंत्राची, हे लगेच कळते.

येथे एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: यंत्र पुढच्या स्टेपवर केव्हा जाते? स्टेपला एकच स्वर घेणारी यंत्रे सहसा पट्टी दाबताक्षणी पुढे जातात, म्हणून त्यांच्यावर कॉर्ड दाबली की तिचे स्वर ओळीने तीन स्टेपमध्ये पसरतात. कीस्टेपसारखी यंत्रे सर्व पट्ट्या सुटल्यावर पुढे जातात. यामुळे कॉर्ड एका वेळी न दाबता एकेक बोट सावकाश ठेवूनही भरता येते, फक्त पहिले बोट शेवटचे बोट टेकेपर्यंत उचलायचे नाही.

हार्मोनियम वाजवणाऱ्यांसाठी येथे खास सूचना. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना आधीचे बोट किंचित उशिरा उचलण्याची आणि एखादा आधारस्वर धरून ठेवण्याची सवय आपल्या हातात मुरलेली असते. सुरांत खंड पडू नये म्हणून ती मुद्दाम लावलेलीही असते. सीक्वेन्सरसमोर हीच सवय आड येते. एकही पट्टी दाबलेली राहिली तर यंत्र पुढे जात नाही आणि दुसऱ्या कॉर्डचे स्वर पहिल्या कॉर्डच्या स्टेपमध्येच भरले जातात. ऐकताना कर्कश गोळा ऐकू येतो आणि पुढची स्टेप रिकामी असते. प्रत्येक कॉर्डनंतर हात पूर्ण उचला, स्टेपचा दिवा पुढे सरकलेला पाहा आणि मगच पुढची कॉर्ड दाबा.

आधीच भरलेल्या स्टेपमध्ये एखादा स्वर वाढवायचा असेल तर बहुतेक यंत्रांवर त्या स्टेपचे बटण धरून पट्टी दाबतात. काही यंत्रांवर असे केल्याने नवा स्वर जुन्यांत मिळतो, काहींवर जुने सगळे पुसले जातात. पहिला प्रयोग रिकाम्या पॅटर्नवरच करा.

## ५. क्रम डोळ्यांनी पाहा

आता सीक्वेन्सरचे ‘आउट’ पुन्हा संगणकाला जोडा. लय अगदी विलंबित, मिनिटाला ४० मात्रा एवढी ठेवा. या लयीत एका मात्रेचा चौथा भाग, म्हणजे एक स्टेप, ३७५ मिलिसेकंदांची होते आणि बोटांना पुरेसा अवकाश मिळतो. क्वांटाइझ चालू ठेवून लाइव्ह रेकॉर्डिंग सुरू करा. ठोक्याबरोबर आधी ६७ दाबा, लगेच ६४, मग ६०, आणि तिन्ही धरून ठेवा; हे सगळे अर्ध्या स्टेपच्या आत झाले पाहिजे. म्हणजे कॉर्ड मुद्दाम वरून खाली, उलट्या क्रमाने भरायची. नंतर ती परत वाजवून मॉनिटरमधल्या ओळी वाचा. वेळेचे आकडे पाहू नका, ते सारखेही दिसू शकतात; ओळींचा क्रम पाहा.

६७, ६४, ६० असे दिसले तर यंत्र आगमनाचा क्रम जपते. ६०, ६४, ६७ असे दिसले तर ते स्वर साठवताना किंवा पाठवताना खालून वर लावून घेते. तीन स्वर वेगवेगळ्या वेळी दिसले तर क्वांटाइझ प्रत्यक्षात लागूच झालेले नाही. काही यंत्रे ते नोंदवताना लावतात, काही केवळ वाजवताना, म्हणून क्वांटाइझचे सेटिंग दोन ठिकाणी शोधा.

हाच प्रयोग स्टेप रेकॉर्डिंगमध्येही करा, आणि पॅटर्न साठवून, यंत्र बंद करून, पुन्हा सुरू केल्यावर तिसऱ्यांदा करा. तिन्ही उत्तरे सारखीच येतील असे गृहीत धरू नका. वहीत तारखेसह लिहून ठेवा.

## ६. लाइव्ह रेकॉर्डिंग: कॉर्ड दोन स्टेपमध्ये का फुटते

सीक्वेन्सर वेळ टिक नावाच्या तुकड्यांत मोजतो. मिडी क्लॉकमध्ये, म्हणजे यंत्रांची लय जुळवणाऱ्या संदेशांत, एका मात्रेचे २४ टिक असतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक टिक सुमारे २०.८ मिलिसेकंदांचा होतो. १९८८ च्या अकाई एमपीसी ६० मध्ये मात्रेचे ९६ भाग होते, म्हणजे त्याच लयीत एक टिक ५.२ मिलिसेकंदांचा. टिक जितका मोठा, तितके बोटांतले बारीक अंतर पुसले जाते.

क्वांटाइझ प्रत्येक स्वराला जवळच्या स्टेपवर ओढते, आणि हे ते प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्रपणे करते, कॉर्डसाठी एकत्र नव्हे. १२० च्या लयीत स्टेप १२५ मिलिसेकंदांची असते आणि तिचा मध्यबिंदू ६२.५ मिलिसेकंदांवर येतो. तुमची कॉर्ड नेमकी त्या मध्यबिंदूच्या आसपास पडली, तर आधी टेकलेली बोटे मागच्या स्टेपला जातात आणि नंतरची पुढच्या. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला ‘पुढे जाऊन बसलेला स्वर’ असाच तयार होतो.

उपाय तीन आहेत. रेकॉर्डिंगपुरते क्वांटाइझ मोठ्या भागांवर ठेवा: बदल दर मात्रेला होत असतील तर मात्रेचा चौथा भाग कशाला हवा? दुसरा उपाय, लय निम्म्यावर आणून भरा आणि नंतर मूळ लयीवर जा. तिसरा, क्वांटाइझ न लावता भरा आणि फुटलेले स्वर हाताने जागेवर आणा. हे वेळखाऊ आहे, पण वाजवण्यातला जिवंतपणा टिकवायचा असेल तर मला हेच पटते.

समेवरची कॉर्ड हा वेगळाच सापळा आहे. लूप सुरू होण्याच्या किंचित आधी बोटे पडली तर काही यंत्रे ती कॉर्ड पहिल्या स्टेपला नेतात, काही ती शेवटच्या स्टेपमध्येच ठेवतात, आणि रेकॉर्डिंग सुरू होण्यापूर्वीच्या मोजणीत पडलेली असेल तर काही ती नोंदवतच नाहीत. एक आवर्तन रिकामे जाऊ द्या आणि दुसऱ्या आवर्तनापासून वाजवा. समेवर आधी पडलेले बोट मग निदान वाया तरी जात नाही.

सस्टेन पेडल रेकॉर्डिंगच्या वेळी वापरू नका. त्याचा संदेश, कंट्रोलर ६४, स्वरांपासून वेगळा असतो. अनेक स्टेप सीक्वेन्सर तो नोंदवत नाहीत, आणि नोंदवला तरी पेडल सोडल्याचा संदेश लूपच्या टोकाबाहेर राहिला, की पुढची सगळी आवर्तने एकमेकांत मिसळतात.

## ७. नोट ऑफची रांगही तपासा

माझी दोन केबल बदलण्याची हकिगत येथलीच. सी मेजर, ६०, ६४, ६७, आणि तिच्यानंतर ए मायनर, ५७, ६०, ६४, अशा दोन कॉर्ड मी पूर्ण लांबीच्या भरल्या होत्या. दुसऱ्या कॉर्डमध्ये फक्त ५७ ऐकू यायचा. ६० आणि ६४ हे दोन्ही कॉर्डमधले समान स्वर आहेत, हे माझ्या लक्षात आले नव्हते. पहिली कॉर्ड ज्या टिकवर संपते, त्याच टिकवर दुसरी सुरू होते. यंत्राने आधी नवे नोट ऑन आणि मग जुने नोट ऑफ पाठवले, तर सिंथला एवढेच समजते की ६० आणि ६४ बंद करायचे आहेत. कोणत्या कॉर्डचे, हे त्या संदेशात लिहिलेले नसते.

स्वराची लांबी, म्हणजे गेट, पूर्ण न ठेवता ९० ते ९५ टक्के ठेवा, की नोट ऑफ निश्चितपणे आधी जातात. सलगच आवाज हवा असेल तर समान स्वर ‘टाय’ने पुढे ओढा आणि दुसऱ्या स्टेपमध्ये केवळ नवा स्वर भरा, अर्थात यंत्र एकाच स्टेपमधल्या स्वरांना वेगवेगळी लांबी देत असेल तरच.

एखादा स्वर अडकून सतत वाजत राहिला, तर वाजवताना मध्येच चॅनल बदलला का ते आधी आठवा. ‘ऑल नोट्स ऑफ’ किंवा ‘पॅनिक’ या नावाचे बटण शोधून ठेवा. ते कंट्रोलर १२३ पाठवते.

## ८. मूळ स्वर आणि अंतरे साठवणारी यंत्रे

डिजिटाक्ट आणि ऑक्टाट्रॅक यांच्या मिडी ट्रॅकवर कॉर्ड चार स्वतंत्र क्रमांकांत दिसत नाही. पहिला स्वर मूळ मानला जातो आणि उरलेले तीन त्याच्यापासून किती अर्धस्वर वर किंवा खाली आहेत, तेवढेच आकडे दिसतात. सी मेजर म्हणजे ६०, अधिक ४, अधिक ७. या रचनेचा फायदा असा, की मूळ स्वराचा एक नॉब फिरवला की पूर्ण कॉर्ड सरकते.

अशा पद्धतीच्या कोणत्याही यंत्रावर मूळ स्वर कोण ठरवते, हे पाचव्या टप्प्यातल्या प्रयोगाने पाहून घ्या. आधी आलेला स्वर मूळ ठरत असेल आणि तुमचे करंगळीचे बोट आधी टेकले असेल, तर तीच सी मेजर ६७, वजा ३, वजा ७ अशी दिसते. ऐकायला फरक नाही. पण पुढे तुम्ही तिची मायनर करण्यासाठी ‘अधिक ४’ चे ‘अधिक ३’ करायला जाता आणि तो आकडाच सापडत नाही. अशा यंत्रावर कॉर्ड भरताना सर्वांत खालची पट्टी किंचित आधी दाबण्याची सवय लावा, किंवा आकडे सरळ नॉबनेच भरा.

## ९. क्रम मुद्दाम वापरायचा असेल तेव्हा

गिटारसारखी छेडलेली कॉर्ड हवी असेल तर स्वर एका स्टेपच्या आतच थोडे मागेपुढे सरकवावे लागतात. नोव्हेशनच्या सर्किट ट्रॅक्समध्ये प्रत्येक स्टेपचे सहा सूक्ष्म भाग असतात. १२० च्या लयीत त्यांतला एक भाग सुमारे २०.८ मिलिसेकंदांचा येतो. चार स्वर एकेका भागाने सरकवले तर पूर्ण छेड ६२.५ मिलिसेकंदांची होते, ती सावकाश लयीत शोभते. द्रुत लयीत बारीक टिकचे यंत्र असेल तर त्याहून जवळ घ्या.

सिंथ मोनो मोडवर असेल तर कॉर्डमधला एकच स्वर वाजतो. तो शेवटच्या स्वराला प्राधान्य देणारा असेल, तर रांगेत शेवटी आलेला स्वर ऐकू येतो. मिनीमूग मॉडेल डीसारखा खालच्या स्वराला प्राधान्य देणारा असेल, तर क्रम काहीही असो, सर्वांत खालचाच. संगणक जवळ नसताना क्रम तपासायचा असेल तर पहिल्या प्रकारचा सिंथ बऱ्यापैकी काम देतो.

आर्पेजिएटर, म्हणजे कॉर्डचे स्वर एकेक करून फिरवणारी सोय, सिंथमध्ये असेल आणि तो ‘ऑर्डर’ किंवा ‘अॅज प्लेड’ मोडवर ठेवला असेल, तर ज्या क्रमाने स्वर पोहोचतील त्याच क्रमाने तो ते फिरवतो. सीक्वेन्सर स्वर खालून वर लावणारा निघाला, तर तुम्ही कोणत्याही क्रमाने भरा, ऐकू येणार ते ‘अप’ मोडसारखेच. येथे सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नका. स्वर एकेका टिकने पुढे सरकवून भरा, म्हणजे यंत्राला क्रम बदलायला जागाच उरत नाही.

फर्मवेअर, म्हणजे यंत्रातले अंतर्गत सॉफ्टवेअर, अद्ययावत केल्यावर पाचव्या टप्प्यातला प्रयोग पुन्हा करा आणि वहीतल्या जुन्या उत्तरांपुढे नवी उत्तरे लिहा.